पाय मी धरले होते

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला उन्हाळा लागला की बाळहिरडा गोळा करायची लगबग सुरू होते. वर्षाचा बाजार त्यावरच. दोर नाही, काही नाही, माणूस सरळ शेंड्याला.

काही वर्षांपूर्वी बातमीसाठी अशाच एका वाडीत होतो. फांदी मोडली अन् एक तरुण खाली आला. कमरेत कळ, पण पायाची बोटं हलत होती. मी स्वतः बघितली. मग आम्ही काय केलं? एकाने काखेत हात घातले, मी पाय धरले, आणि दुमडून जीपच्या मागच्या सीटवर घातला. घोडेगाव यायच्या आत तो म्हणाला, "दादा, पाय माझे वाटत नाहीत."

पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न : "पडल्यावर पाय हलत होते का?" हो म्हणालो आणि मान खाली घातली.

आमच्यामुळेच झालं, असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. आतली सूज वाढूनही पाय जातात. पण मोडलेला मणका वाकवला की मज्जारज्जू आणखी चेपू शकतो, हे नक्की. ऑपरेशनमध्ये तो दाब काढतात, स्क्रू आणि सळ्या घालून मणका स्थिर करतात. तुटलेला मज्जारज्जू शिवता येत नाही. जमलं तर २४ तासांच्या आत दाब निघालेला बरा, असं तज्ज्ञ सांगतात. आपले निम्मे तास घाटात आणि रेफरच्या चिठ्ठ्यांत जातात.

म्हणून एवढं करा. पडलेल्याला बसवू नका, पाणी पाजू नका. १०८ ला फोन लावा. हलवावंच लागलं तर घराचं दार काढा किंवा फळी घ्या. एकाने डोकं-मान सरळ धरायची, बाकीच्यांनी अंग ओंडक्यासारखं एकदम वळवायचं. झोळी नको. बोटं हलतात का बघा, वेळ लिहून ठेवा. दवाखान्यात महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला लगेच गाठा. घरी आणल्यावर दर दोन तासांनी कूस बदला. पाठीच्या जखमा चिघळून माणूस दगावतो.

आणि ग्रामपंचायतींनो, प्रत्येक वाडीत आशाताईंच्या घरी एक कडक स्ट्रेचर ठेवा. कमानी, रंगरंगोटी नंतर करू.

तो आज व्हीलचेअरवर आहे. दुसऱ्या दिवशी मी चार ओळींची बातमी दिली होती : झाडावरून पडून एक जखमी. त्यात माझे हात नव्हते. ते आज लिहिले.

हिरड्याच्या आधी वाडीच्या ग्रुपवर टाका.