चोवीस व्होल्टचा पाहुणा

थंडी म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको, असा माझा बरीच वर्षे समज होता. डिसेंबरात पहाटे कानटोपी घालून पर्वती चढलो की थंडीची परीक्षा पास झालो, असे आम्ही मानत आलो. हा समज ग्लासगोच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यावर पाचच मिनिटांत उतरला. सूर्य सकाळी पावणेनऊला उगवणार आणि दुपारी पावणेचारला, म्हणजे आपल्याकडे चहाचे आधण ठेवायच्या वेळी, निरोप घेणार! मधल्या वेळात तो दिसेलच असेही नाही.

लेकीचे घर शहराच्या पश्चिम भागात, तांबड्या वालुकाश्माच्या एका जुन्या चार मजली इमारतीत आहे. दगडी जिना, उंच छत, मोठाल्या खिडक्या. एखाद्या वाड्याची आठवण व्हावी असा ऐसपैस प्रकार. आमची नात तेव्हा अवघी तीन महिन्यांची. जावईबापू कामानिमित्त ॲबर्डीनला गेलेले. तेव्हा घरातला कर्ता पुरुष मीच, आणि तोही वीज मंडळात चौतीस वर्षे काढलेला!

त्या घरांत ऊब येते ती अशी. स्वयंपाकघरातला गॅसचा बॉयलर पाणी तापवतो आणि पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांतून फिरवतो. बोळातल्या भिंतीवर एक चपटी डबी असते, तिचे नाव थर्मोस्टॅट. खोली पुरेशी तापली की बॉयलरला ‘थांब’ म्हणायचे, गार झाली की ‘चल’ म्हणायचे, एवढेच तिचे काम. आपल्या इस्त्रीत असतो तोच प्रकार. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या की तापल्यावर एक जास्त वाढते, दुसरी कमी. जोडी वाकते आणि वीज तुटते. या युक्तीचे पेटंट १८३० साली घेतले ते अँड्र्यू यूर यांनी, आणि ते जन्माने ग्लासगोचेच!

आता या डबीचे नवे, हुशार भावंड निघाले आहे. ते फोनवरून हुकूम ऐकते आणि घरात माणूस आहे की नाही हेही ओळखते. आमचे चिरंजीव शिकागोला असतात. तिकडे मुक्कामाला असताना मी त्यांच्या भिंतीवर असा थर्मोस्टॅट दहा मिनिटांत बसवून दिला होता. चिरंजीव खूश झाले आणि त्यांनी बहिणीसाठी तसाच दुसरा माझ्याबरोबर धाडला. मी तो ग्लासगोला आणला तो विजयी वीरासारखाच!

रविवारी संध्याकाळी मी कामाला लागलो. बॉयलरचा स्विच बंद केला, जुनी डबी उघडली. आत दोनच तारा, एक लाल आणि एक काळी. त्या पाहून मला अगदी माहेरचे कोणी भेटल्यासारखे वाटले! शिकागोच्या तारा टेलिफोनच्या तारांसारख्या बारीक होत्या, या चांगल्या जाड होत्या. मी मनात म्हटले, जुने इंग्रजी काम, जाडजूड असायचेच. लाल तार ‘आर’ला, काळी ‘डब्ल्यू’ला. लेक म्हणाली, “बाबा, हे इकडे चालतं ना?”

“अगं, थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक स्विच. चालणारच!”

स्विच दाबला. ‘फट्’ असा आवाज झाला, भिंतीवरून धुराची बारीक रेघ वर गेली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास बोळभर पसरला. नात दचकून रडू लागली. आतल्या खोलीतून सौ.चा आवाज आला, “अहो, काय केलंत?”

काय केले ते मला त्याच क्षणी उमगले. अमेरिकेत भट्टीजवळ एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. भिंतीपर्यंत येतात ते फक्त २४ व्होल्ट. इथे मात्र घरातली २३० व्होल्टची वीज जशीच्या तशी त्या डबीपर्यंत येते आणि तिच्यातून बॉयलरकडे परत जाते. तारा जोडल्या होत्या बरोबर, पण दाब चुकला होता. चोवीस व्होल्टच्या पाहुण्याला मी २३० व्होल्टचा पाहुणचार केला होता!

बॉयलरचा ३ अँपियरचा फ्यूज उडाला होता. जवळचे दुकान बंद. चहाच्या किटलीच्या प्लगमध्ये १३ अँपियरचा फ्यूज होता, आकाराने अगदी तस्साच. माझा हात तिकडे वळला. लेक शांतपणे म्हणाली, “बाबा, फ्यूज का उडाला ते कळल्याशिवाय नवा घालायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

मी हात मागे घेतला. ती रात्र आम्ही शेजारच्या आजीबाईंनी दिलेल्या गरम पाण्याच्या रबरी पिशव्यांवर काढली. नातीला दोन दुलयांत गुंडाळून सौ. रात्रभर मांडीवर घेऊन बसली. मला झोप नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक तरुण लाइनमन ‘लाइन बंद असणार’ म्हणून खांबावर चढला होता. त्याला आम्ही उचलूनच खाली आणले. त्या दिवसापासून हाताखालच्या प्रत्येक पोराला मी बजावत आलो : ‘असणार’ म्हणू नका, मोजा, आणि मग ‘आहे’ म्हणा. आणि आज मीच ‘चालणारच’ म्हणून बसलो होतो, तेही घरात तान्हे मूल असताना.

सकाळी इलेक्ट्रिशियन आली. हो, बाईच होती. तिने आपले मीटर आधी चालू प्लगवर लावून पाहिले, मग बंद केलेल्या तारांवर आणि मग पुन्हा चालू प्लगवर. मीटरच बिघडलेले नाही ना, याची ती खात्री! मला माझेच वर्ग आठवले. ती काळी तारही आपल्या घरच्यासारखी न्यूट्रल नव्हती. बॉयलर चालू असताना तिच्यातही जिवंत वीज असे. नुसत्या रंगावर विसंबणारा तिथे फसला असता. तिने बॉयलरपाशी एक रिसीव्हर बसवला. २३० व्होल्टची उघडझाप आता तोच करतो. भिंतीतल्या तारा मेनपासून सोडवून त्यांतून तिने १२ व्होल्ट दिले आणि नवा, इथला थर्मोस्टॅट लावला. त्याच तारा, तेच रंग, पण आता वीज वेगळी! म्हणून डबीमागे तिने चिठ्ठी चिकटवली : ‘१२ व्होल्ट’.

दुपारी मी एकटाच केल्व्हिन नदीकाठच्या बागेत गेलो. तिथे लॉर्ड केल्व्हिन यांचा बसलेला पुतळा आहे. या नदीवरूनच त्यांनी पदवीचे नाव घेतले. ग्लासगोच्या विद्यापीठात ते त्रेपन्न वर्षे प्राध्यापक होते. १८५८ साली अटलांटिक समुद्राखालून पहिली तार टाकली तेव्हा केल्व्हिन यांचे मत होते की वीज थोडी द्यावी आणि पलीकडे नाजूक यंत्राने ती टिपावी. व्हाइटहाउस नावाच्या गृहस्थांनी मात्र सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. आधीच कमकुवत असलेली ती तार काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. १८६६ साली नवी तार टाकली ती केल्व्हिन यांच्या पद्धतीने, आणि ती बोलती राहिली. पुतळ्यापुढे उभा राहून मी मनातल्या मनात व्हाइटहाउससाहेबांशी हस्तांदोलन केले!

घरी परतलो तो काळोख पडला होता. सौ. नातीला थोपटत होती. तिने विचारले, “अहो, आता ऊब येणार ना?”

मी रेडिएटरवर हात ठेवला, डबीवरचा आकडा वाचला. वीस अंश.

“आली आहे,” मी म्हणालो.