भरीत-रोडग्याचे मानकरी

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. चंपाषष्ठीला घरात वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा होतो, तळी भरली जाते आणि नैवेद्यातला एक वाटा कुत्र्यासाठी निघतो. कुत्रं म्हणजे देवाच्या संगतीचं. माझी आजी त्या दिवशी हाका मारमारून कुत्र्याला बोलवायची, पानावर वाढायची. दुसऱ्या दिवशी तेच कुत्रं ओसरीवर आलं की "हाड!" म्हणून फुंकणी भिरकवायची. एक दिवस मानकरी आणि बाकी वर्षभर हाड, असं आमच्या गावाचं कुत्र्याशी नातं.

माझ्या मळ्यातल्या जुन्या गोठ्यात आज एकोणीस कुत्री आणि अकरा मांजरं आहेत. पाच खणांचा गोठा. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तेव्हापासून तो मोकळा पडला होता. पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. नियम एकच. इथं आलेलं जनावर जड झालं म्हणून मारायचं नाही, आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचंही नाही.

नियमाचा दुसरा अर्धा भाग मी मुद्दाम सांगतो. आमच्या जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात सहसा कोणी कुत्र्याचं पिल्लू हातानं मारत नाही. पाप लागतं. गोणीत घालून ओढ्यापलीकडं सोडतात, म्हणजे पाप ओढ्यापलीकडच्यांना. कुत्री व्याली की लोक पिल्लं उलटी करून बघतात, नर ठेवून घेतात आणि माद्या गोणीत. म्हणून माझ्याकडं आलेल्यांत निम्म्याहून जास्त माद्याच. शहरातली माणसं गोणी वापरत नाहीत, ती गाडी वापरतात. पुणे-नाशिक रस्त्यावर ढाब्याच्या पुढं गाडी थांबते, दार उघडतं आणि गाडी निघून जाते. एक लॅब्राडोर असाच आला, मानेवर पट्ट्याचा वळ तसाच. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडं तो धावायचा. त्याला आवरता आवरता सूनबाईच्या नाकी नऊ आले.

मांजरांचं फार काही नाही. मांजर पिलांना सात घरं दाखवतं म्हणतात. आमच्यातल्या काहींनी आठवं घर आमचं दाखवलं आणि तिथंच मुक्काम टाकला.

खायला रोज सात-आठ किलो तांदळाची कणी आणि बाजरीचा भरडा लागतो. गिरणीवाला सांडलेलं पीठ बाजूला ठेवतो, कोंबडीच्या दुकानातून पाय-मुंडकी येतात. हळद टाकून मोठ्या पातेल्यात रटरटा शिजवायचं आणि हाडं निवडून काढायची, कारण शिजलेलं हाड फुटून आतड्यात घुसतं. टोमॅटोला भाव असला की हे सगळं चालतं. नसला की मंडळी हिशोबाची वही माझ्यापुढं आणून ठेवतात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणं फार महागात पडतं.

आमचा मुलूख बिबट्याचा. उसात तो राहतो, उसातच वितो, आणि कुत्रं हे त्याचं सोपं खाणं. गावात काहीजण म्हणायचे, "अण्णा, तुमच्या कुत्र्यांपायी बिबट्या येतो." बोलण्यात तथ्य होतं, मी वाद घातला नाही. गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारली. दिवस मावळायच्या आत सगळी आत, कडी लावली की सकाळपर्यंत उघडत नाही. उरलंसुरलं अन्न बाहेर पडू देत नाही. अंगणात कुत्रं साखळीनं बांधून स्वतः घरात झोपणारे लोक आहेत. त्याला ते राखण म्हणतात, मी त्याला बिबट्याचं ताट म्हणतो.

चार वर्षांमागची गोष्ट. ठिपकी नावाची कुत्री व्यायली होती. शेजारच्या वस्तीवरचं आठ-नऊ वर्षांचं पोर आलं आणि त्यानं कौतुकानं पिल्लू उचललं. ठिपकीनं त्याच्या पोटरीचा चावा घेतला. मी पोचलो तोवर कोणीतरी जखमेवर मिरचीपूड दाबली होती. पोर थयथया नाचत होतं. मोटर चालू करून पाइपाखाली त्याचा पाय धरला आणि साबण लावून पंधरा मिनिटं धूत राहिलो. मग मुलाच्या मोटारसायकलवर ग्रामीण रुग्णालयात. तिथं पहिली सुई झाली, जखम खोल म्हणून जखमेभोवती सीरमही टोचलं. पुढच्या सुया तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

संध्याकाळी पंधरा-वीस माणसं मळ्यात आली. पुढं पोराचा बाप. आमच्या भावकीतलाच.

"अण्णा, ते कुत्रं आत्ता बाहेर काढा. न्हाईतर रातच्याला औषधाच्या पुड्या टाकतो, समदीच जातील."

मी म्हणालो, "काढतो. पण मारलं तर ते पिसाळलेलं होतं का नव्हतं, कळायचं कसं? दहा दिवस बांधून ठेवू. पिसाळलेलं असलं तर तेवढ्यात लक्षणं दाखवील, मरंल. जिवंत आणि धडधाकट राहिलं, तर पोराला त्याच्यापासून धोका नव्हता असं समजायचं. आणि सुया कशाही चुकवायच्या न्हाईत."

ठिपकीला लस टोचलेली होती, वहीत तारीख होती. तरी वही दाखवून लोकांना घरी पाठवावं असं मला वाटलं नाही. लस झाली म्हणजे हमी झाली असं नसतं, आणि ज्याचं पोर चावलंय त्याला वही दाखवणं बरंही दिसत नाही. ठिपकीला पिलांसकट कडेच्या खणात बंद केलं, बाहेरून कुलूप लावलं आणि चावी पोराच्या बापाकडं दिली.

तो रोज तिन्हीसांजेला यायचा. कुलूप काढायचा, मी लांबूनच पातेलं सरकवायचो, ती खाते का, पाणी पिते का, लाळ गळते का, हे दोघं बघत उभे राहायचो. बोलणं फारसं नसायचं. पाचव्या दिवशी ती जेवली नाही. माझ्या पोटात गोळा आला. त्या रात्री आम्ही दोघं कंदील घेऊन गोठ्यापाशीच बसलो. पहाटे तिनं पाणी प्यालं, दिवस उगवल्यावर भरडा खाल्ला. दहाव्या दिवशी त्यानं चावी माझ्या हातावर ठेवली आणि गेला. पोराच्या सुया सगळ्या पुऱ्या झाल्या.

गावानं मला शहाणा वगैरे म्हटलं नाही. पोराची आई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "अण्णा, ते दहा दिवस मी डोळ्याला डोळा लावला न्हाई. तुमच्या दयेचं भाडं मी भरलं." तिला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. व्यायलेल्या कुत्रीचा खण तेव्हापासून कायम बंद असतो, आणि पोरांना मी पिल्लांपाशी फिरकू देत नाही.

'मारायचं नाही' म्हणजे काय, यावर आमच्याच घरात भांडण झालेलं आहे. रस्त्यावर ट्रकनं उडवलेला एक कुत्रा आणला होता. कंबरेपासून खाली सगळं गेलेलं, लघवी आपसूक व्हायची, मांडीला जखमा आणि जखमांत किडे. तीन आठवडे आम्ही किडे काढले, कूस बदलली. मुलगा म्हणाला, इंजेक्शन द्या. मंडळी म्हणाल्या, "मारायचं न्हाई म्हणून तुमीच गाव गोळा करून सांगितलंय ना?" आमच्याकडं तसाच एक मागचे पाय गेलेला कुत्रा आहे, लहान सायकलच्या चाकांचा गाडा केलाय, तो ओढत तो सगळ्यांच्या आधी पातेल्यापाशी पोचतो आणि दुसऱ्यावर गुरगुरतो. म्हणजे पाय गेले हा प्रश्न नव्हता. हा खात नव्हता, भिंतीकडं तोंड करून पडायचा, हात लावला की ओरडायचा. शेवटी मंडळींनीच सांगितलं, "बोलवा डॉक्टरला." डोकं त्यांनीच मांडीवर घेतलं. बरं न होणाऱ्या जनावराला डॉक्टरच्या हातनं वेदना न होता जाऊ द्यावं, हे २००१ च्या नियमांतही होतं. शहरातून एक मुलगी मदतीला यायची, ती यावरून रागावून गेली ती परत आली नाही. माझं म्हणणं तिला तेव्हाच सांगितलं होतं. जागा नाही, पैसा नाही, लोक ओरडतात म्हणून मारणं वेगळं, आणि हे वेगळं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीकडची रस्त्यावरची कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं, मग त्याच महिन्यात तो हुकूम बदलला. नसबंदी करून, लस टोचून जिथली तिथं सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. चहाच्या टपरीवर मला विचारलं, "अण्णा, आता सरकार तुमच्यासारखेच गोठे बांधणार व्हतं की!" मी म्हणालो, एकोणीस कुत्र्यांना आठ किलो कणी लागते, तुम्ही दिल्लीचा हिशोब करा. वर रोगराई आहेच. एका पावसाळ्यात पार्वो आला, उलट्या आणि रक्ताची हगवण, नऊ पिल्लांतली सात चार दिवसांत गेली. दाटीनं ठेवलं की रोग गवतासारखा पेटतो.

खरा उपाय नसबंदीचा. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते आणि दोन महिन्यांत विते. गोठा बांधत बसलो तर मागून पिल्लं येतच राहणार. सूनबाईनं वस्तीवस्तीवर फिरून लोकांच्या पाळीव कुत्र्यांचीही नावं वहीत घेतली आहेत. पहिल्यांदा लोक म्हणायचे, कुत्री खच्ची केली तर राखण करत नाही. चार-दोन घरच्या कुत्र्या ऑपरेशननंतरही अनोळखी माणसावर तशाच भुंकतात हे बघितल्यावर बोलणं कमी झालं. यंदा ओढ्याच्या कडेला दोनच गोण्या सापडल्या.

यंदापासून मी नवं जनावर घ्यायचं थांबवलं आहे. मारायचं नाही म्हटल्यावर दार कधीतरी लावावंच लागतं. दारावरून माणूस परत पाठवताना वाईट वाटतं, पण त्याला मी ऑपरेशनची तारीख देतो. येत्या गुरुवारी सहा माद्या आहेत, चार वस्तीवरच्या, दोन आमच्या. आदल्या रात्री त्यांना खायला द्यायचं नाही. सूनबाईनं मला बजावून ठेवलंय, "मामा, बुधवारी पातेल्याजवळ तुम्ही जायचं न्हाई. तुम्हाला त्यांचं तोंड बघवत न्हाई."