डोंगरावरचे बिऱ्हाड

महाबळेश्वरला राहते असे सांगितले, की ऐकणारी माणसे दोन प्रकारची निघतात. एक प्रकार डोळे मोठे करून म्हणतो, "भाग्यवान आहात हो!" हा प्रकार एप्रिल-मेमध्ये चार दिवस येऊन गेलेला असतो. दुसरा आवाज खाली आणून विचारतो, "पण पावसाळ्यात काय करता?" हा जुलैत एकदा चुकून आलेला असतो.

मी मुळात दुसऱ्या प्रकारातली. सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलीची बागेची कल्पना ती काय असणार? एक तुळस, एक मोगरा, आणि फार तर गच्चीवर डालड्याच्या डब्यात लावलेले कोरफडीचे झाड. पण आमच्या ह्यांनी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले, आणि २००७ साली निवृत्त होताच जाहीर केले, की आता साडेचार हजार फुटांखाली राहायचे नाही. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. संसारात या दोहोंच्या मधली एक जागा असते. मी बराच काळ तिथेच काढला आहे. जांभ्या दगडाचे, दोन खोल्या आणि पडवीचे एक जुने घर आम्ही घेतले आणि बिऱ्हाड वर आले.

पहिल्या पावसाळ्यात मी मनातल्या मनात रोज सामान बांधत होते. इथे पावसाआधी घराला झडी लावतात. कोळंबाचे गवत कापून, त्याचे ताटवे कामट्यांना बांधून भिंती आणि खिडक्या झाकून टाकायच्या, म्हणजे घरालाच इरले पांघरायचे. हल्ली पुष्कळ ठिकाणी गवताऐवजी निळे प्लॅस्टिक दिसते. ते स्वस्त पडत असेल, पण त्यावर पाऊस वाजतो तो ताशासारखा; गवतावरचा पाऊस नुसता कुजबुजतो. झडी लागल्या की घरात अंधार. मग चार महिने मीठ पाझरते, काडेपेटी हिरमुसते, पुस्तकांच्या पाठींवर आणि चपलांवर सारखीच बुरशी येते. ज्ञानेश्वरी असो की कोल्हापुरी, बुरशी भेदभाव करीत नाही. कपडे वाळवायचे तर शेगडीवर डालगे पालथे घालायचे आणि त्यावर पसरायचे. चार महिने आमच्या अंगाला धुराचा वास येतो. पुण्याला गेल्यावर सूनबाई काही बोलत नाही, पण खिडकी उघडते.

पाऊस किती, हे आकड्यांत सांगून कुणाला पटत नाही. पुण्याला वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. इथे साडेपाच-सहा हजार. बरे, हा पाऊस नुसता पडत नाही, तर ढगच घरात राहायला येतात. पडवीत बसले की समोरचे जांभळाचे झाड हळूहळू पुसले जाते, मग फाटक, मग पायरी. एकदा तर चहाचा कप हातात असून ह्यांचा चेहरा मला धड दिसेना. "अहो, आहात ना?" असे मी विचारले, आणि धुक्यातून उत्तर आले, "साखर कमी आहे."

असल्या दिवसांत सोबत असते ती शीळकरी कस्तुराची. निळा-काळा पक्षी, आणि आवाज मात्र हुबेहूब माणसाच्या शिटीचा. चाल अर्धीच ठाऊक असलेल्या मुलासारखा तो गातो. चार सूर नीट लावतो, पाचव्याला अडखळतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पहाटे अंधारात ही शीळ प्रथम ऐकली तेव्हा कुणी वात्रट माणूस कुंपणाशी उभा आहे असे वाटून मी ह्यांना उठवले होते. ते काठी घेऊन गेले आणि तासाभराने भिजून, अतिशय आनंदात परत आले.

वाघ्या आमच्याकडे आला २०१२ साली, पावसातच. बाजारातून परतताना एक ओले पिलू ह्यांच्या छत्रीखाली चालू लागले आणि घरापर्यंत छत्री सोडीना. नाव वाघ्या ठेवले ही आमची चूक. त्याला विजेची भीती, माकडांची भीती, आणि ठमी या आमच्या मांजरीची तर फारच. रानातून गवे उतरतात, कुंपण मोडून गुलाबाचे शेंडे खातात; तेव्हा हा शूर पलंगाखालून भुंकतो. पण एक गुण त्याच्यात होता. ह्यांच्या मागे तो बागेत सावलीसारखा फिरे, आणि ह्यांनी उकरलेला प्रत्येक खड्डा स्वतः तपासून पाही.

आणि मग भाद्रपद सरता सरता एक दिवस झडी सोडतात. तो दिवस मी कॅलेंडरवर सणासारखा मांडते. चार महिन्यांनी खिडकीतून ऊन आत येते, आणि जमिनीवरचा तो चौकोन अडवायला ठमी आणि वाघ्या यांच्यात भांडण जुंपते. बाहेर डोंगरउतार सोनकीने पिवळे झालेले असतात, मधूनमधून तेरड्याचे गुलाबी पट्टे. ही फुले कुणी लावत नाही, त्यांना कुणी पाणी घालत नाही, आणि महिन्या-दीड महिन्यात ती मुकाट्याने निघून जातात. बागेतल्या मंडळींचे तसे नसते. त्यांचे लाड फार. आमची बाग म्हणजे सगळा उपऱ्यांचा मेळा: डेलिया मेक्सिकोचा, जिरेनियम दक्षिण आफ्रिकेचे, रस्त्याकडेचा सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा. बटाटा आणि भाजीपाला इथे नावारूपाला आणला तो एकोणिसाव्या शतकात इथल्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी. तेव्हा पुण्याहून आलेल्या एका बाईने स्वतःला परकी समजण्याचे काही कारण नव्हते. पण हे समजायला मला बरीच वर्षे लागली, आणि ते ज्याच्यामुळे समजले ते झाडही उपरेच, जपानचे. हायड्रेंजिया.

झाले असे. वर यायच्या आधी आम्ही पुण्यात एका रोपवाटिकेत गेलो होतो. दोन तास फिरून माझे पाय भरून आले होते. ह्यांनी एक कुंडी उचलली. हातभर उंचीचे झाड, आणि त्यावर कोबीच्या गड्ड्याएवढा गुलाबी फुलांचा झुबका. "कसे वाटते?" मला घरी जायचे होते. मी म्हटले, "फार सुरेख! घ्या तेच." खरे सांगायचे तर तो गुलाबी रंग मला मुळीच आवडला नव्हता. बारशाच्या टोपड्याचा असतो तसला तो रंग.

वर आणून जमिनीत लावल्यावर दोन वर्षांत त्या झाडाने रंग बदलला. एका मे महिन्यात सकाळी पाहते तो सगळे झुबके निळे! पाऊस पडून गेल्यावर लांबचा डोंगर असतो ना, तसे निळे. मी पायरीवरच बसून राहिले. इथे आल्यापासून प्रथमच काहीतरी केवळ माझ्यासाठी घडले असे मला वाटले.

हे मात्र झाडाजवळ अपराध्यासारखे उभे होते. मग त्यांनी समजावून सांगितले. एवढा पाऊस जमिनीतला चुना धुऊन नेतो. मागे राहते ती आम्लधर्मी तांबडी माती. त्या आम्लात मातीतले ॲल्युमिनियम विरघळते, मुळे ते शोषून घेतात आणि फूल निळे होते. मातीत चुना मिसळला की ॲल्युमिनियम बांधले जाते आणि फूल पुन्हा गुलाबी. "काळजी करू नकोस," ते म्हणाले, "तुझा गुलाबी रंग मी परत आणून देतो."

वाचकहो, बोलायची वेळ ती होती. पण निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या डोळ्यांत परीक्षानळी हातात धरल्यासारखी चमक आली होती. मी म्हटले, "बघा, जमले तर."

जमले! पहिल्या वर्षी चुना इतका पडला की पाने पिवळी होऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. पण पुढे हात बसला. दर दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपून जमीन वाफशावर आली, की चुन्याची भुकटी टोपलीत घेऊन हे वाफ्यात बसत. बागेला मदत करणारे मामा जावळीकडचे. ते डोक्याला हात लावीत. "सायेब, झाडाला गोरं करताय व्हय?" वाघ्या चुना हुंगून शिंकत सुटे. पाऊस तो चुना धुऊन नेई, हे पुन्हा घालीत. आकाशाशी त्यांचा असा दावा चालू होता. आणि दर मे महिन्यात पहिला गुलाबी झुबका कापून ते माझ्यापुढे धरीत. मी दरवर्षी "अगबाई, किती सुंदर!" म्हणे. अशी तेरा वर्षे गेली. इतके नेमाने तर मी एकही व्रत केलेले नाही.

२०२१ च्या जुलैतली ती बावीस तारीख इथले कुणी विसरणार नाही. चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर! पुण्याचा जवळजवळ वर्षाचा पाऊस एका दिवस-रात्रीत. वीज गेलेली, घाट बंद, आणि डोंगराच्या पोटात काहीतरी गडगडत असल्याचा आवाज. रात्री बागेची दगडी ताल खचली. मी नको नको म्हणत असताना हे कंदील आणि पहार घेऊन बाहेर पडले. आणि काय नवल, जन्मात विजेला न धजावलेला वाघ्या पलंगाखालून निघून त्यांच्या मागे गेला. अर्ध्या तासाने दोघे परतले ते चिखलाचे पुतळे होऊन. ताल गेली होती, अर्धा वाफा दरीत गेला होता. हायड्रेंजियाच्या बुंध्याशी दगड रचून ह्यांनी झाड वाचवले होते. मी खूप रागावले. "मरायचे आहे का एका झाडासाठी?" ते अंग पुसत म्हणाले, "तुझे आवडते आहे ना ते."

तेव्हाही मी सांगितले नाही.

२०२३ च्या जानेवारीत, वेण्णा तलावाकाठी दव गोठून गवत पांढरे होते त्या दिवसांत, हे गेले. पहाटे, झोपेत. त्या मे महिन्यात फुले गुलाबीच आली. आदल्या दिवाळीचा चुना जमिनीत होता. पुढच्या वर्षी जांभळट, आजारातून उठल्यासारखी. आणि २०२५ चा पाऊस तर मे महिन्यातच कोसळला. झडी बांधायलाही उसंत मिळाली नाही. त्या पावसात झाड फुलले ते संपूर्ण निळे. डोंगरासारखे निळे, माझ्या पहिल्या वर्षीचे. मी छत्री घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. इतकी वर्षे मला हवा होता तो हाच रंग, आणि तो मला बघवेना.

वाघ्या आता तेरा वर्षांचा आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण बागेत त्याला डोळे लागत नाहीत. पायरीपासून जांभळापर्यंत, तिथून वाफ्यापर्यंत नाकाने वाट काढीत रोज फेरी मारतो आणि ह्यांची बसायची जागा होती तिथे अंग टाकतो. मुलगा म्हणतो, "आई, मार्चमध्ये घर विकू आणि तू खाली ये." त्याचे चूक नाही. सत्तरीपुढची एकटी बाई, वर असला पाऊस. मी म्हणते, वाघ्याला तिसऱ्या मजल्यावरची जागा समजायची नाही. तो म्हणतो, "वाघ्याचे निमित्त पुरे झाले आता." त्याच्या बापासारखाच तो मुद्द्याला लगेच हात घालतो.

दसऱ्यानंतर मामांनी जोत्याला सफेदी करायला चुना आणला. काम संपल्यावर घमेल्यात थोडी भुकटी उरली. ते ती उकिरड्यावर टाकायला निघाले, तर मी म्हटले, "ठेवा इथे." मग खुरपे घेतले आणि वाफ्यात बसले. गुडघे कुरकुरले. भुकटी किती घालायची याचे ह्यांचे माप एका जुन्या वहीत होते, तेही सापडले. बुंध्याच्या उजव्या बाजूला मी मापाने चुना घातला आणि माती परतली. डावी बाजू तशीच ठेवली.

मामा बघत होते. "आता कुनासाठी, बाई?"

"असू द्या हो, मामा."

वाघ्या चालत आला, हुंगला, आणि तीनदा शिंकला. त्याचे नाक पांढरे झाले. ते ओल्या फडक्याने पुसून घेतले. संध्याकाळी मुलाचा फोन आला. फराळाचे, नातवाच्या किल्ल्याचे बोलणे झाले आणि मग त्याने विचारले, "मग आई, मार्चचे नक्की ना?"

मी म्हटले, "अरे, मार्चमध्ये कसे जमेल? रंग कळायला मे उजाडतो."