चित्रातले बाबासाहेब आणि माझी खाणावळ

कांजूरला स्टेशनबाहेर एक रद्दीवाला बसायचा. माझी शाळा नववीला सुटली, पुढचं सगळं वाचन त्याच्या तराजूवरचं. आता वय सव्वीस. भिवंडीला यंत्रमागावर बारा तासांची पाळी. आजा परळच्या गिरणीत होता. १९८२ चा संप झाला, मग ती गिरणी गेली, हळूहळू गिरणगाव गेलं. आमच्या घराचा माग मात्र सुटला नाही.

त्या रद्दीवाल्याकडं एकदा जाड पुठ्ठ्यात शिवलेला गठ्ठा मिळाला. अमर चित्रकथा. कुणा खात्यापित्या घरच्या पोरानं जपून बांधून घेतलेल्या. कृष्ण, राम, हनुमान, शिवाजी... आणि त्यांच्यामधी बाबासाहेब! आनंद झाला, खोटं कशाला बोलू. भाच्यासाठी घेतला गठ्ठा.

दोस्तांनो, ही माला १९६७ साली अनंत पैंनी सुरू केली. तिचा किस्सा नेहमी सांगितला जातो. दिल्लीत टीव्हीवर पोरांना प्रश्न विचारत होते. ग्रीक देवांची उत्तरं पोरांना आली, पण रामाच्या आईचं नाव येईना. पैंना वाईट वाटलं, त्यातून ही पुस्तकं निघाली. वाईट वाटलं हे ठीकच. पण त्या पोरांना भीमाच्या आईचं नाव कुणी विचारलं होतं का? भीमाबाई हे नाव आलं नाही म्हणून वाईट वाटून घेणारं कोण होतं?

बाबासाहेबांवरचं पुस्तक १९७९ साली आलं. लेखन एस. एस. रेगे यांचं, चित्रं दिलीप कदम यांची. काम मनापासूनचं आहे. बत्तीस पानांत एवढा डोंगर बसवायचा म्हंजे सोपं नाय. पण आदल्या वर्षी काय झालं होतं ते आठवा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. बाबासाहेबांचं चरित्र १९५६ ला थांबतं, त्याला लेखक तरी काय करणार? पण वाचणाऱ्या पोराला वाटतं, की जातसुद्धा तिथंच थांबली. एक गुणी पोरगा होता, त्यानं लई सोसलं, तो लई शिकला, मोठा झाला. संपलं. पान उलटलं की पुढं दुसरा राजा, दुसरा देव. चौकटीमागून चौकट, सगळ्या सारख्या मापाच्या, चाळीतल्या खोल्यांसारख्या. देव बोलो, राजा बोलो, तोंडातून निघणारा फुगा तोच.

भाच्यानं वाचून मिटलं आणि म्हणाला, "मामा, तेव्हाची माणसं लई वाईट होती ना?"

तेव्हाची! मी गप्प बसलो. का गप्प बसलो ते पुढं सांगतो.

त्या वर्षी सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या रांगेत दुसरं पुस्तक दिसलं. ‘भीमायन’. दिल्लीच्या नवयाना प्रकाशनानं २०११ साली काढलेलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दोघं मध्य प्रदेशातले परधान गोंड. घराच्या भिंती रंगवणाऱ्या परंपरेतले हात. किंमत बघून दोनदा खाली ठेवलं. तिसऱ्यांदा घेतलं.

पुस्तक इंग्रजीत. भाचा महापालिकेच्या इंग्रजी शाळेत सातवीला. अर्धं तो वाची, अर्धं मी शब्दकोशात शोधी. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात दुपारी बसायचो, असं महिनाभर चाललं.

या चित्रकारांनी माणसाला चौकटीत कोंबलं नाय. चौकटीत जीव गुदमरतो, असं त्यांचं म्हणणं. पानभर मोकळी जागा, आणि मधून वळत जाणारी नक्षी, दिग्ना, तीच त्यांच्या घरांच्या भिंतीवर असते. आगगाडी साप होते, किल्ला हिंस्र जनावर होतो. पुस्तकाचे भाग म्हंजे पाणी, निवारा, प्रवास. बाबासाहेबांचं सगळं आयुष्य सांगायचा सोस नाय. तहान लागली, पाणी मिळालं नाही. डोकं टेकायचं होतं, जागा मिळाली नाही. एवढंच. आणि सुरुवात आजच्या एका बसथांब्यावर, राखीव जागांवरून चिडलेल्या माणसापासून. मधी वर्तमानपत्रातली कात्रणं, त्यात २००६ चं खैरलांजी. ‘तेव्हा’ म्हणायला जागाच ठेवली नाय.

पण मला धरलं ते फुग्यांनी. साधी, मायेची माणसं बोलतात तो फुगा पाखराच्या आकाराचा. जातीचं विष बोललं जातं त्या फुग्याला विंचवाची नांगी. भाच्यानं बोट ठेवून विचारलं, "मामा, हा तर ओरडत पण नाय, मग नांगी कशाला?"

आणि मग बडोद्याचं पान आलं. १९१७. कोलंबिया, लंडन करून आलेले बाबासाहेब, वय सव्वीस. गावात कुणी जागा देईना. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं दारात. बाहेर काढलं. बागेत बसून तो माणूस रडला.

"बाबासाहेबांनी नाव बदललं?" भाच्यानं विचारलं.

"हो. निवारा पाहिजे होता."

"आणि तू?"

त्यानं सहज विचारलं होतं. त्याला काय ठाऊक. पण दोस्तांनो, भिवंडीत मी ज्या खाणावळीत जेवत होतो, तिथं पहिल्याच दिवशी बाईनं आडनाव विचारलं होतं. आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं. "मराठेच ना?" ती म्हणाली, आणि मी मान हलवली. शब्द नाही बोललो, नुसती मान. आठ महिने त्या मानेवर जेवलो. भिंतीवरच्या फोटोंत बाबासाहेब नव्हते, आणि त्यांचं नाव निघालं की मी ताटात बघत होतो. मी कविता लिहितो. मोर्चात घोषणा देतो. पण तिथं गप्प.

दुसऱ्या दिवशी जेवून हात धुतला आणि बाईला सांगितलं. "मावशी, मी बौद्ध आहे. जयभीमवाला."

ती ओरडली नाय. रागावली पण नाय. "बरं बाबा," म्हणाली. महिना भरला तसे पुढचे पैसे पुढं केले, तर घेतले नाहीत. "जागा नाही रे आता," असं अगदी हळू, गोड आवाजात. मागं तीन बाकं रिकामी होती.

तेव्हा तो फुगा मला दिसला. पाखरासारखा आवाज, पण खाली नांगी. रेगे-कदमांच्या चौकटीत ही बाई मला कधी सापडली नसती, कारण तिथला वाईट माणूस लांबूनच वाईट दिसतो.

म्हणून सांगतो, ‘भीमायन’ वाचा. पण ते इंग्रजी आहे, महाग आहे, आणि आपल्या वस्तीत अजूनही रद्दीतला पुठ्ठाच पोहोचतो, ही त्याची कमतरता. एकानं घ्या, दहा जणांत वाचा, विहारात पोरांना पानं दाखवून मराठीत सांगा. आणि नुसतं सांगू नका, त्यांच्या हातात पेन्सिल द्या. या अंकाच्या स्टेन्सिलवर अक्षर उमटतं, तशी रेघही उमटते.

भाच्यानं परवा वहीत चित्र काढलं. कांजूरची मिठागरं, सगळीकडं पाणी, आणि काठावर तहानलेलं पोरगं. शेजारी एक बाई, तिच्या तोंडून फुगा : ‘जागा नाही.’ नांगी त्यानं लाल पेनानं काढली.

मी आता घरून डबा नेतो. मागाशेजारी बसून जेवतो. कुणी आडनाव विचारलं तर आडनावापाशी थांबत नाय, पुढचंही सांगतो.

जय भीम.