पिवळ्या सरबताचा खोकला

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मला आंबट चालत नाही. लिंबाचं सरबत प्यायलं की दहा मिनिटांत घशात खवखव, मग खोकला, मग छातीतून शिट्टी. दमा लहानपणापासूनचा, त्यामुळे शिट्टीचं कुणाला नवल नव्हतं. "आंबट प्यायलीस ना?" एवढं विचारून आई आल्याचा काढा उकळायला ठेवायची. गंमत अशी की कोकमाचं सरबत मी तांब्याने प्यायची आणि मला काही व्हायचं नाही. कोकम काय गोड असतं? पण हा प्रश्न चाळिशी उलटेपर्यंत कुणाला पडला नाही. मलाही नाही.

मामांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. मार्चमध्ये तिकडे गेलं की जाळ्यांवर मजल्यामजल्याने पसरलेली द्राक्षं बघत उभं राहायचं हा माझा जुना छंद. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुचकळून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि दोन-एक आठवड्यांत माल वाळतो. मग बंद खोलीत गंधक जाळून त्याची धुरी. त्या खोलीकडे मी कधी फिरकायची नाही. दमेकऱ्याने फिरकूही नये, तो वायू भल्याभल्यांचा श्वास कोंडतो.

त्या वर्षी निघताना मामांनी ताज्या मालाची पिशवी दिली. एकसारखा, सोनेरी, काचेच्या मण्यांसारखा बेदाणा. एसटीत खिडकीशी बसून मी मुठीमुठीने खात होते. साताऱ्याच्या पुढे घसा आवळल्यासारखा झाला. मग खोकला, आणि मग वाक्य पुरं करता येईना. शेजारच्या मावशींनी माझी पर्स उलटी करून इन्हेलर शोधून दिला. मी दोन फवारे घेतले, थोड्या वेळाने आणखी दोन. आणि तेवढ्यातही मनात एकच विचार घोळत होता. इथे धूर नाही, धूळ नाही, आणि बेदाणा तर गोड आहे.

पुण्याच्या छातीच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एक वही ठेवायला सांगितली. काय खाल्लं, किती वाजता, श्वास कसा, सगळं लिहायचं. सोबत फुंकून श्वासाचा जोर मोजायची नळी दिली. दोन महिन्यांनी वहीत एक बाजू भरली होती: लिंबू सरबत, बेदाणे, केशरी जर्दाळू, एका लग्नातलं अननसाचं स्क्वॅश. दुसऱ्या बाजूला कोकम, चिंच, ताक. डॉक्टर म्हणाले, "आंबटाचा संबंध नाही. सरबत घरी कसं करता ते आईला विचारा."

आईने १९८०च्या आसपास महिला मंडळात फळप्रक्रियेचा वर्ग केला होता. तिची वही अजून होती, हळदीचे डाग पडलेली. तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'पांढऱ्या-पिवळ्या सरबतास केएमएस. लाल-जांभळ्यास सोडियम बेन्झोएट, नाहीतर रंग उडतो.'

म्हणजे लिंबाच्या बाटलीत केएमएस, कोकमाच्या बाटलीत बेन्झोएट. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, सल्फाइटांपैकी एक. आई ती पूड कपभर सरबतात विरघळवायची तेव्हा काडी ओढल्यासारखा वास नाकात झोंबायचा, तो मला अजून आठवतो. आंबट रसात तिच्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तोच वायू, जो मामांच्या धुरीच्या खोलीत असतो. तो जंतू रोखतो आणि फळ काळंही पडू देत नाही, म्हणून बाटलीत चालतो तसा बेदाण्यावरही. घोट घेताना तो थोडा श्वासात जातो आणि माझ्यासारख्यांच्या श्वासनळ्या आक्रसतात. आई बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी मापाबाहेर कधी घातली नाही गं." खरंच नव्हती घातली. वर्गात शिकवलं तेवढीच घालायची, चमचा सपाट करून.

खात्री करायला रक्ताची किंवा कातडीची साधी तपासणी पुरत नाही. मला दवाखान्यात बसवून आंबट पाण्यातून केएमएस औषधासारखं चढत्या मात्रेने पाजलं, दर वेळी नळीत फुंकायला लावलं. सलाइनची सुई आधीच टोचलेली. पहिल्या दोन पेल्यांना काही नाही. चौथ्याला आकडा ३८०वरून २९०वर आला. नर्सने तो लाल पेनाने लिहिला आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. चाळीस वर्षं मी 'नाजूक' होते. आता निदान कशाने, ते कळलं होतं.

नातेवाइकांना समजावणं मात्र अवघड गेलं. "सल्फाइट म्हणजे गंधक ना? मग कांदा-लसूण सोड," असं एका वन्संनी सांगितलं. कांदा, अंडी यांतलं गंधक वेगळ्या रूपात असतं, त्याचं मला काही होत नाही. आणि सल्फाइट थोडं थोडं आपलं शरीरही तयार करतं आणि त्याची विल्हेवाटही लावतं. पुढे एका रुग्णालयाच्या केसपेपरवर माझ्या नावापुढे 'सल्फा ॲलर्जी' असं लिहिलं गेलं. सल्फा म्हणजे जंतुनाशक औषधांचं एक घराणं. त्याचा याच्याशी नावापुरताच संबंध. तीन खिडक्या फिरून ते 'सल्फाइट' करून घेतलं, आणि पुढच्या खेपेला संगणकाने पुन्हा 'सल्फा' छापलं!

औषधांचं प्रकरण मला दाढेमुळे कळलं. दंतवैद्यांनी भुलीच्या इंजेक्शनचं खोकं मला वाचायला दिलं. भुलीच्या औषधात ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, आणि ते टिकावं म्हणून मेटाबायसल्फाइट. त्यांनी ॲड्रेनालिन नसलेली कुपी मागवली, दाढ निघेपर्यंत बधिरपणा उतरत आला होता आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. छातीच्या डॉक्टरांनी मात्र नंतर बजावलं: कधी जिवावर बेतलं तर ॲड्रेनालिनचं इंजेक्शन नाकारायचं नाही, त्यात सल्फाइट असलं तरी. त्या क्षणी ते वाचवतं, आणि त्यातली मात्रा अगदी थोडी असते.

आता दुकानात मी पाकिटाची मागची बाजू आधी वाचते. २२० ते २२८ या खाद्य-मिश्रकांच्या क्रमांकांत सल्फाइटांचं सगळं कुटुंब राहतं. केएमएस २२४. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर आपल्याकडे पाकिटावर तसं छापावं लागतं. वाइनच्या बाटल्यांवर ते हमखास दिसतं. पण सुट्या बेदाण्याला पाकीट कुठलं? अमेरिकेत सॅलडच्या काउंटरवर पाला ताजा दिसावा म्हणून सल्फाइट मारत, त्याने काही दमेकरी दगावले, तेव्हा १९८६ साली कच्च्या खायच्या फळा-भाज्यांवर ते वापरायला बंदी आली. पाला हिरवा दिसावा, जर्दाळू केशरी दिसावा, गूळ पिवळाधमक दिसावा! गुऱ्हाळात गूळ उजळायला हायड्रॉस टाकतात, तोही याच गोतावळ्यातला. मी काळपट गूळ मागते तेव्हा वाणी माझ्याकडे दयेने बघतो.

मामांना मी भीत भीत विचारलं होतं, धुरी न देता थोडा माल ठेवाल का. ते उखडले. "आगं, धुरी न्हाई दिली तर माल काळा पडतोय. काळ्या मालाला सौद्यात कोण इचारतंय?" विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

पण एप्रिलअखेर एसटीच्या पार्सलने डबा आला. आत दोन किलो तपकिरी, सुरकुतलेले, एकमेकांना चिकटलेले बेदाणे. मी एक खाल्ला, पंधरा मिनिटं थांबले, नळीत फुंकलं. मग मूठभर. तेव्हापासून दर उन्हाळ्यात डबा येतो आणि त्याच्या आदल्या दिवशी फोन.

"पाठवलाय बघ तुझा माल. पर कुणाला दाऊ नको. लोकं म्हणतील, ह्यास्नी बेदाणा करायला येत न्हाई."