वांकिडीचा भिंतीतला पिंपळ

चंद्रपुराहून राजुऱ्यामार्गे आसिफाबादेस निघाले, की सीमा ओलांडल्यावर वांकिडी लागते. राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. वांकिडी २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात आहे. सीमा सरकल्या, तरी मराठी बोली या बाजूस टिकून आहे.

येथील एका जुन्या भिंतीच्या फटीत आम्हांस पिंपळाचे रोप दिसले. पाखरांच्या विष्ठेतून पडलेले बी असे कोठेही रुजते. ते वाढू दिल्यास मुळे भिंत फोडतात. म्हणून लोक ते उपटून टाकतात. परंतु तेच रोप मुळांसकट अलगद काढून उथळ कुंडीत लाविले, तर भिंतही वाचते आणि झाडही. अशा खुज्या वृक्षास जपानी लोक बोन्साय म्हणतात.

जपानी रीतीने त्यास एक दर्शनी बाजू असते, कारण ते घरातील कोनाड्यात मांडीत. आपले झाड मात्र अंगणात राहणार; येणारा-जाणारा ते चहूंकडून पाहणार. म्हणून मुळे सर्व दिशांस पसरावीत. फांद्या खोडाभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढत जाव्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडत नाही. दर आठवड्यास कुंडी पाव वळसा फिरवावी. नाही तर भिंतीकडची बाजू उन्हावाचून ओकीबोकी होते. वळण देण्यास गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वीच सोडावी.

आणि वाचकहो, कात्री लावण्याआधी झाडाभोवती एक फेरी अवश्य घालावी. समोरून निरुपयोगी दिसणारी फांदीच पुष्कळदा मागल्या बाजूचा सारा भार सांभाळीत असते.