पोलादाचे पाणी

कुणी तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी नुसतेच मित्र. मी चाकू विकत घेतो. हे ऐकताच ऐकणारा अर्धे पाऊल मागे सरकतो, म्हणून घाईघाईने सांगतो, की माझे चाकू दुमडून खिशात मावणारे आणि स्वभावाने अत्यंत सज्जन आहेत. पेन्सिल, सुतळी आणि कैरी यांपलीकडे त्यांनी आजवर कुणाचे काही कापलेले नाही. शिवाय माझा खरा लोभ चाकूवर नाहीच. तो आहे पात्याच्या पोलादावर.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने धातूशास्त्रात नाक का खुपसावे? तर वस्तूची किंमत वेगळी आणि तिचे मोल वेगळे, हे आम्ही पहिल्याच वर्षी पाठ करतो. तो फरक एकदा हाताला लागावा, असे मला वाटत होते. कॉलेज सुटल्यावर मी एका अडत दुकानात जमाखर्च लिहितो. तिथे दिवसभर पोती उसवली जातात. सुतळी दिसते गरीब, पण धारेची ती मोठी वैरीण. तागात अडकलेली माती पाते झिजवते. म्हणजे प्रयोगशाळा आयतीच होती. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून वर्षभरात चार चाकू घेतले आणि वहीत प्रत्येकाचे खाते उघडले. धार टिकली ते दिवस जमेला. दगडावर घासण्याचे कष्ट आणि गंज नावे.

पहिला शनिवारच्या बाजारातला, ऐंशी रुपयांचा. पात्यावर फक्त ‘स्टेनलेस’ असे कोरलेले. तो गंजला नाही, पण दुसऱ्याच दिवशी सुतळीवरून घसरू लागला. दुसरा स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स. त्याचे पोलाद फार कठीण करीत नाहीत. रॉकवेल मापावर साधारण ५६. धार मध्यम टिकते, पण दगडावर चार हात मारले की परत येते, आणि कैरीचा रस तसाच राहिला तरी तो रुसत नाही.

तिसरा फ्रान्सचा ओपिनेल, लाकडी मुठीचा. जोसेफ ओपिनेल याने १८९० साली घडवलेल्या चाकूचा हा वंशज. त्याच्या पोलादात सुमारे ०.९ टक्के कार्बन, आणि गंज रोखणारे क्रोमियम जवळजवळ नाहीच. धार अशी, की कापल्याचे कागदालाही कळू नये. पण पहिल्याच कैरीने पाते काळेनिळे पडले. मी हळहळलो, तर आई हसली. “अरे, आपली विळी काळीच आहे ना? ओली ठेवायची नाही, पुसून तेलाचं बोट फिरवायचं.” परदेशी चाकूची निगा मी स्वयंपाकघरात शिकलो.

चौथा डी-२ या पोलादाचा. हे मूळचे कारखान्यातल्या डायचे पोलाद. कार्बन सुमारे दीड टक्का, क्रोमियम बारा टक्के. सुतळीच्या परीक्षेत हा पहिला आला. मात्र त्याला धार लावताना मनगट भरून येते. शिवाय क्रोमियमचा मोठा वाटा कार्बनशी बांधला गेल्याने गंज अडवायला थोडेच मोकळे उरते. आमच्या पावसाळ्यात त्याच्यावर तांबूस ठिपके उठले.

चारही खाती समोर मांडली तेव्हा ताळेबंदच दिसला. कठीणपणा जमेला धरावा, तर ठिसूळपणा नावे पडतो. धार टिकावी, तर ती लावण्याचे कष्ट वाढतात. सगळे गुण एका पात्यात, असे पोलाद बाजारात नाही.

आमच्या दुकानापाशी एक वयस्कर शिकलगार चाक घेऊन येतात. मी त्यांना पात्यांवरची नावे वाचून दाखवू लागलो, तर म्हणाले, “नाव कशाला वाचतोस बाळ? पाणी बघ, पाणी.” पाते लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले, की ते काचेसारखे कठीण आणि तसेच ठिसूळ होते. मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. हेच पोलादाचे पाणी. यात चूक झाली, तर उत्तम पोलादही मऊ राहते किंवा त्याची धार तुकड्यांनी उडते. माणसाला ‘पाणीदार’ म्हणणारी आपली भाषा लोहाराच्या भट्टीपाशी बसून शिकली असावी.

माझ्या कन्नड मित्राने यात भर घातली. आपला ‘पोलाद’ हा शब्द फारसीतून आला. कन्नडमध्ये पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात, आणि दक्षिण भारतातल्या मुशीतल्या पोलादाचे ‘वूट्झ’ हे इंग्रजी नाव त्यावरूनच आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १७९५ साली जॉर्ज पियर्सनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध मांडला. पुढे १८१९-२० च्या सुमारास मायकेल फॅरडेनेही त्याचा अभ्यास केला. ज्या पोलादाने साहेबांना कोड्यात टाकले, त्याचे नाव मला वर्गातल्या शेजारच्या बाकावर मिळाले!

गेल्या महिन्यात एका मुलाखतीत मला पहिला प्रश्न विचारला गेला तो शाळेच्या माध्यमाचा. ‘मराठी’ म्हणताच समोरच्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. पात्यावरचे नाव त्यांनी वाचले. सुतळी काही पुढे केली नाही. राग आला, नाही असे नाही. पण मराठी शाळेने दिलेले पोलाद घेऊन मी गल्लीतल्या कन्नडमधून आणि कॉलेजातल्या इंग्रजीतून रोज तापून निघतो आहे. त्याचे पाणी कसे उतरले, ते कामावर कळेल. अर्जावर कळायचे नाही.

पाचवा चाकू आता घेणार नाही. त्या पैशात एका बाजूने खरबरीत आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत असा धारेचा दगड आणला आहे. चारही खाती चालू आहेत.

— बी. कॉम., तृतीय वर्ष